कारणाचा रकाना

“गुर्जी, त्यो तोडू नका. त्यो जुलेखाचा हाय.”

विळा माझ्या हातात होता आणि सातवीतला सर्ज्या माझ्या आणि मांडवाच्या मध्ये उभा होता. त्याच्या डोक्यावर दोडक्यांची पाटी होती आणि तोंडात कच्ची भेंडी. दोन्ही सांभाळत तो बोलत होता.

“जुलेखाचा म्हणजे?”

“तिनं चिंधी बांधलीया. बघा की.”

देठाला लाल चिंधी होती खरी. वेलाला पाच भोपळे लागले होते. चार नारळाएवढे, आणि एक घागरीएवढा, अगदी गोल. त्याचा भार वेलाला होऊ नये म्हणून पोरीनं खाली फळी लावून गवताची चुंबळ ठेवली होती, पाण्याला जाणाऱ्या बाया डोक्यावर ठेवतात तशी. त्या चुंबळीवर तो भोपळा ऐसपैस बसला होता.

“बियाला ठेवला असेल,” मी म्हणालो. “बी काय, पुन्हा मिळेल. अरे, देवाच्या कामाला चाललाय. तिला मी सांगतो.”

“ती आज्जाबरोबर मिरजंला गेलीया. संध्याकाळी येनार.”

“मग संध्याकाळी सांगतो.”

सर्ज्या बाजूला झाला. गुरुजींच्या वाटेत किती वेळ उभं राहणार? मी पाचही भोपळे तोडले. मोठ्याच्या सालीत अंगठ्याचं नख दाबून पाहिलं. नख रुतलं. कोवळा होता.

आरळवाडीच्या शाळेत मला तेव्हा सात वर्षं झाली होती. शाळेमागच्या पडीक जागेत मी परसबाग केली होती. हापशाचं सांडपाणी चर काढून तिथवर आणलं होतं, आणि निसर्ग अभ्यासाचा तास मी फळ्यापुढं घेतच नसे. पाचवी ते सातवीच्या प्रत्येक पोरानं एक वेल किंवा एक रोप आपलं म्हणून वाढवायचं आणि त्याची निरीक्षण वही ठेवायची, असा माझा नियम होता. वहीत चार रकाने: दिनांक, माप, बदल, कारण. “बदल दिसला की कारण लिहायचं,” मी पोरांना सांगायचो. “कारणाचा रकाना रिकामा ठेवलात तर झाडाकडं नुसतं बघितलंत, पाहिलं नाहीत.” दर शनिवारी मी सगळ्या वह्या तपासायचो. तालुक्याहून साहेब आले की त्यांना मी आधी बाग दाखवायचो आणि मग वह्यांची चळत.

पण माझा खरा जीव होता कीर्तनात. टाळ गळ्यात पडला की मला भूक लागत नसे. मृदंगावर थाप पडून पहिली चाल उचलली की पाठीतून एक लहर जायची, आणि महाराज पुढं बोलत असताना मागं उभं राहून पाय मागंपुढं टाकताना वाटायचं, यापरतं काही मागायचं नाही. गावचा सप्ताह मार्गशीर्षात असे. त्या वर्षी सहाव्या दिवसाच्या आणि काल्याच्या कीर्तनाला यशवंतमहाराज येणार होते. त्यांच्या मागं उभं राहायला मिळावं म्हणून मी आधीचा महिनाभर पहाटे उठून चाली घोकल्या होत्या.

त्या सहाव्या दिवशी सकाळी भाजीचा टेम्पो शिरढोणच्या अलीकडं बंद पडला. सप्ताह कमिटीचे अध्यक्ष मगदूम आप्पा सायकलवरून शाळेत आले.

“गुरुजी, पंगतीला भाजी न्हाई. तुमच्या बागंत काय असंल ते द्या. महाराज आज आपल्यात जेवनार हाईत.”

“आप्पा, सगळी बाग देवाची,” मी म्हणालो.

हे बोलताना मला भरून आलं होतं, ते खोटं नव्हतं. पण त्याच्या जोडीला मनात आणखी एक गोष्ट होती. पोरांनी पिकवलेली भाजी नैवेद्याला गेली, तर संध्याकाळच्या कीर्तनात महाराज शाळेच्या बागेचं नाव घेतील. चार गावची माणसं ऐकतील. हे मी कुणाला बोललो नाही, पण विळा उचलताना मला ते ऐकूच येत होतं.

देवळामागं चुलवणावर कढया चढल्या होत्या. शिवाप्पा आचारी भोपळा हातात घेऊन फिरवून बघू लागला.

“ह्यो दुध्या गोल कसा म्हनायचा? पोट वाढल्यावानी?”

“गावठी वाण आहे,” मी सांगितलं. “पोरांचा प्रयोग आहे. नख रुततंय, बघ.”

“गुरुजींचा प्रयोग म्हंजे प्रश्नच न्हाई,” तो हसला आणि त्यानं सुरी घातली.

पाच भोपळे, बागेतला बाकीचा दुधी, हरभऱ्याची डाळ, वर खोबरं आणि गुळाचा खडा. एकाच कढईत सगळं. आमच्याकडं नैवेद्याच्या स्वयंपाकाची चव घेत नाहीत. मीठ अंदाजानं, तिखट अंदाजानं. देवाच्या आधी जिभेला लावायचं नाही. शिवाप्पाचा बाप तसंच करत आला आणि शिवाप्पाही तसंच करत होता. नैवेद्याचं ताट मीच गाभाऱ्यात नेलं. देवापुढं पाण्याचं मंडल केलं, ताट ठेवलं, डोळे मिटले. बाहेर घंटा वाजली.

पहिल्या पंगतीत महाराज मधोमध बसले होते. मी भाजी वाढत होतो. त्यांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा जबडा थांबला. मग त्यांनी तो गिळला, पाण्याचं भांडं उचललं, ते अर्धं केलं आणि ताटातली भाजी बोटानं हळूच कडेला सारली. पण त्यांच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं “आँ” करून घास पत्रावळीवर टाकला, आणि मग पंगतीतून एकेक आवाज उठायला लागला.

“विख हाय की रं हे.”

“कडू, कडू. पोरांना देऊ नगा.”

पोरांची पंगत पलीकडं बसली होती. दोघंतिघं उठून भिंतीशी वाकली. त्यांच्या आया धावल्या. शिवाप्पानं कढईत पळी बुडवून जिभेला लावली आणि मटकन खाली बसला. “आता काय करायचं,” तो म्हणत राहिला. “देवाला दावली की मी. देवाला कडू दावलं.”

मगदूम आप्पा माझ्याकडं आले. महाराज तोवर उठून हात धुवायला गेले होते, बाकी सगळी पंगत ऐकत होती.

“गुरुजी, ह्यो भोपळा कुठला?”

“बागेतला.”

“ते म्हाईत हाय. लावला कुनी?”

“मुलांनी.”

“मुलांनी म्हंजे नाव असंल की कुनाचं तरी.”

माझ्या हातात भाजीची बादली होती. सर्ज्या दोन हातांवर पाण्याची घागर घेऊन उभा होता.

“शिकलगारांच्या जुलेखानं,” मी म्हणालो.

जुलेखाचा आज्जा बाबालालचाचा शिकलगार म्हणजे देवळाचा वीणा दुरुस्त करणारा माणूस. त्याचे वाडवडील मिरजेत तंबोरे करायचे. दर सप्ताहाच्या आधी तो वीणा घरी नेई, तारा बदले, पुसून-लावून आणून देई, आणि सातही दिवस सभामंडपाच्या मागच्या खांबाशी बसून ऐके. गावात त्याला कुणी कधी वेगळं म्हटलं नव्हतं. त्या दिवशीही कुणी म्हटलं नाही. नुसतं एकमेकांकडं बघितलं.

“भोपळा कडू हाय हे तिनं तुम्हाला सांगितलं न्हवतं?” आप्पांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.

सर्ज्यानं घागर खाली ठेवली. थोडं पाणी सांडलं. तो माझ्याकडं बघत होता.

मला तेव्हा खरंच वाटत होतं की मी खोटं बोललो नाही. कडू आहे असं कुणी म्हणालंच नव्हतं. तोडू नका एवढंच म्हणालं होतं.

साडेपाचच्या एसटीनं ती दोघं आली. मी देवळाच्या पायरीवर बसून टाळांच्या दोऱ्या आवळत होतो. जुलेखा शाळेच्या बाजूनं पळत आली. बागेत जाऊन आली होती. वयाच्या मानानं उंच पोरगी, दोन वेण्या, हातात एक सुतळी. त्या सुतळीला गाठी मारलेल्या होत्या. भोपळ्याचा घेर ती त्या सुतळीनं मोजत असे, दर दोन दिवसांनी एक गाठ.

“गुर्जी, माझा भोपळा?”

पायरीवर दहा-बारा माणसं होती. मगदूम आप्पा होते. मी आवाज चढवला.

“कडू वेल शाळेच्या बागेत लावतात का? सगळं गाव उपाशी उठलं तुझ्यामुळं. दोन पोरं ओकली. देवाला कडू नैवेद्य गेला. लावलास तो लावलास, सांगायचं तरी नाहीस?”

तिनं आधी माझ्याकडं आणि मग आप्पांकडं पाहिलं. तिला बहुतेक काही कळत नव्हतं.

“लिवलंय की गुर्जी. वहीत लिवलंय.”

“वहीचं नंतर बघू.”

“तुम्ही सही पन केलीया.”

“नंतर बघू म्हटलं ना.”

तेवढ्यात बाबालालचाचा येऊन पोचले. त्यांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. कुणीतरी त्यांना दोन वाक्यांत झालेलं सांगितलं. ऐकून त्यांनी ती गुंडाळी पायरीला टेकवली आणि दोन्ही हात जोडले.

“पोरीची चूक झाली. ल्हान हाय. देवाची, गावाची, सगळ्यांची माफी मागतो.”

“आज्जा, माझी चूक न्हाई,” जुलेखा म्हणाली.

“गप बस.”

“पन मी लिवलंय—”

“गप बस म्हनलं ना, बेटा.”

त्यांनी तिचा हात धरला. जाताना चाचांनी माझ्याकडं पाहून मान लववली. नेहमी लववायचे तशीच.

कीर्तन सातला उभं राहिलं. महाराजांच्या बरोब्बर मागं, उजव्या हाताला माझी जागा होती. किती दिवस ज्याची वाट पाहिली तो क्षण, आणि चालही अशी लागली की मंडपातली माणसं डोलायला लागली. चाचा आपल्या खांबाशी येऊन बसले होते. माफी मागून झाल्यावर न येणं त्यांना बरं वाटलं नसेल. माझी नजर तिकडं गेली आणि मी ती फिरवली.

महाराजांना बिचाऱ्यांना काय माहीत. त्यांना गावातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. मध्यावर त्यांनी उपरण्यानं कपाळ पुसलं आणि हसून म्हणाले, “आज दुपारी देवानं आपल्याला भोपळा वाढला.”

मंडपात हशा झाला.

“दिसायला कसा? गोल, हिरवागार, गुळगुळीत. आचाऱ्यानं त्यात डाळ घातली. खोबरं घातलं. गूळ घातला. एवढा सत्संग लाभला, पण त्यानं आपला गुण सोडला का?”

असं विचारलं की मागच्या टाळकऱ्यांनी एका सुरात उत्तर द्यायचं असतं.

“नाही,” आम्ही म्हणालो. मीही म्हणालो.

“शेजार चांगला मिळाला म्हणून जातीचा कडूपणा गेला का?”

“नाही.”

महाराज माणसाच्या मनाबद्दल बोलत होते. पुढं त्यांनी ते फोडूनही सांगितलं. पण तोवर मंडपातली डोकी एकेक करत मागच्या खांबाकडं वळली होती. चाचा तसेच बसून होते. मग त्यांनी टोपी नीट केली, खांबाला हात देऊन उठले, देवाकडं बघून मान लववली आणि चपला हातात घेऊन अंधाराकडच्या बाजूनं बाहेर पडले. कीर्तन चालू असताना ते उठलेले मी कधी पाहिले नव्हते.

मृदंगानं चाल उचलली. माझा टाळ एक घाव चुकला. शेजारच्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि मी मोठ्यानं गायला लागलो.

दुसऱ्या दिवशी, काल्याच्या दिवशी, सकाळी आठला मी शाळा उघडली. कपाटातून वह्यांची चळत काढली. जुलेखाची वही वरून चौथी होती. उभ्यानंच पानं उलटली. दर शनिवारी माझी सही, आणि सहीजवळ “छान”, “छान”, “छान”.

शेवटच्या लिहिलेल्या पानावर हे होतं:

माप: सुतळीच्या अकरा गाठी. बदल: पान चावून पाहिलं, कडू. कारण: हा वाण कडूच असतो. आज्जा म्हणतात कडू असतो म्हणून कीड लागत नाही आणि वाळल्यावर वीण्याला चांगला. देवळाच्या वीण्याचा भोपळा गेल्या साली चिरला आहे, लाखेनं जोडला आहे पण आवाज बसका येतो. आज्जा नवीन वीणा करतात. दांडी झाली. हा भोपळा वेलावरच वाळवायचा. खायचा नाही. तोडायचा नाही. गुरुजी कुणाला सांगू नका, पुढच्या सप्त्याला देवळात अचानक द्यायचा आहे.

त्याच्याखाली लाल शाईत माझी सही. आणि सहीशेजारी लिहिलेलं: “छान. अक्षर सुधार.”

आदल्या दिवशी चाचांच्या काखेतल्या वर्तमानपत्रात काय होतं ते मला तेव्हा कळलं. मिरजेहून दांडीला रंग देऊन आणली होती.

ती वही मी झोळीत घातली आणि देवळात गेलो. ठरवून गेलो होतो. काला झाला की महाराजांपुढं, आप्पांपुढं, सगळ्यांपुढं वही उघडायची. झोळी मी समोरच्या खुंटीला, दिसेल अशी अडकवली. कीर्तन झालं. हंडी फुटली. दह्यालाह्यांचा काला हातावर पडला. वीणेकऱ्याच्या पाया पडायला रांग लागली, तिच्यात मीही उभा राहिलो. वाकलो तेव्हा वीण्याचा लाखेनं जोडलेला भोपळा माझ्या कपाळापासून वीतभर होता.

मगदूम आप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “गुरुजी, कालचं मनाला लावून घेऊ नका. तुमचा काय दोष? महाराज म्हनत हुते, त्या गुरुजींचा गळा चांगला हाय. पुढल्या साली तुम्हाला पुढं घेऊ.”

“आप्पांची कृपा,” मी म्हणालो.

आणि झोळी खुंटीवरून काढून घरी आलो.

त्या आठवड्यात जुलेखा शाळेला आली नाही. पुढच्या सोमवारी मधल्या सुट्टीत बाबालालचाचा एकटे आले. वर्गाच्या दाराबाहेर चपला काढून उभे राहिले.

“आत या, चाचा.”

“नगं. बी तर संपलंच. भीमेकाठच्या सोयऱ्यानं दिलेलं शेवटचं होतं. पोरगी म्हनते, वही तेवढी आना. तिला ती ठेवायचीय. काय काय लिवलंय म्हनं त्यात.”

माझ्यामागं कपाट उघडंच होतं. वही मी पुन्हा तिथंच ठेवली होती, सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या हजेरीपटांच्या खाली. घरी ठेवायला मला धीर झाला नव्हता.

“चाचा, सगळीकडं शोधली,” मी म्हणालो. “सापडत नाही.”

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागं कपाटाकडं पाहिलं. मग म्हणाले, “असू द्या गुर्जी. कामाच्या गडबडीत इकडंतिकडं होतंच.” आणि मान लववून गेले.

मे महिन्यात शिकलगारांचं घर बंद झालं. मिरजेत काम जास्त मिळतं, असं गावात सांगत होते. वीण्याचा आवाज आणखी बसला, तेव्हा कमिटीनं बाजारातून नवा आणला.

माझ्या पुढं बदल्या झाल्या. पण बायकोचं माहेर आरळवाडीचं, म्हणून घर तिथंच बांधलं आणि निवृत्त होऊन तिथंच राहिलो. सप्ताह एकही चुकवला नाही. वही प्रत्येक बदलीत माझ्याबरोबर गेली. गेल्या मार्गशीर्षाच्या आधी कमिटीची नवी पोरं घरी आली. सर्ज्या आता अध्यक्ष आहे. डोक्यावरचे केस गेलेत, पण तोंडात अजून काहीतरी असतंच.

“गुर्जी, यंदा वीणा तुम्ही घ्यायचा. वयानं, ज्ञानानं तुम्हीच मोठं.”

वीणा गळ्यात घेतला की लहानथोर सगळा गाव पाया पडतो. घेणारा कोण आहे हे बघत नाहीत. वीण्याच्या पाया पडतात. चाळीस वर्षं टाळ धरणाऱ्याला याहून मोठा मान नाही.

“दोन दिवस द्या,” मी म्हणालो.

बाकीची पोरं उठून गेली. सर्ज्या मागं राहिला. तोंडातली सुपारी त्यानं बाहेर जाऊन थुंकली आणि परत आला.

“जुलेखा तासगावच्या पुढं एका शाळंत मास्तरीन हाय,” तो म्हणाला. “पत्ता पायजे का?”

चोवीस वर्षांत तो या गोष्टीबद्दल एकदाही बोलला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी गेलो. शाळा दोन खोल्यांची होती. मागं बाग. जुलेखा पोरांना घेऊन वाफ्याशी उकिडवी बसली होती. चष्मा लागला होता. कुंपणावर भोपळ्याचा वेल चढलेला, बी तिनं पुन्हा कुठूनतरी मिळवलं असावं, आणि त्यावर पत्र्याची पाटी, हातभर अक्षरांत: “कडू आहे. खाऊ नये.” खाली गवताची चुंबळ आणि चुंबळीवर हिरवागार गोल भोपळा.

तिनं मला लगेच ओळखलं. उठून हात झटकले, वाकून नमस्कार करायला लागली. मी मागं सरकलो.

“चाचा कसे आहेत?”

“गेले की गुरुजी. सहा वर्षं झाली.”

मी झोळीतून वही काढली आणि तिच्या हातात दिली. वहीत सुतळी होती, गाठी मारलेली. त्या संध्याकाळी ती देवळाच्या पायरीवर पडून राहिली होती. वहीकडं तिनं नुसतं पाहिलं. उघडली नाही.

“तुमच्याकडंच होती,” ती म्हणाली. विचारलं नाही.

“हो.”

“आज्जाला माहीत होतं. हजेरीपटांच्या खाली निळा पुठ्ठा दिसत होता, म्हणाला. घरी येऊन सांगितलं त्यानं मला.”

“मग मागितली का नाही? गावापुढं का नाही सांगितलं?”

तिनं सुतळी बोटाला गुंडाळली.

“मी लई भांडले त्याच्याशी. दोन दिवस जेवले नाही. तर म्हणाला, बेटा, गुरुजी देवापुढं टाळ धरतात. गावाला कळलं तर त्यांना तिथं उभं राहता येणार नाही. आपलं काय, आपण खांबाशी बसणारी माणसं, आपण कुठंही बसू.”

मी वाफ्याच्या कडेला बसलो. पोरं जमा झाली होती.

“बाई, ही कुणाची वही?” एका पोरीनं विचारलं.

“माझी. हे माझे गुरुजी. निरीक्षण वही यांनीच मला शिकवली.” तिनं वही उघडली, शेवटच्या लिहिलेल्या पानाशी आली. तिथं खाली एक ओळ मोकळी होती. तिनं ओढणीला अडकवलेलं पेन काढलं. दिनांकाच्या रकान्यात चोवीस वर्षांपूर्वीची तारीख घातली. तिला ती आठवत होती. मापाच्या रकान्यात लिहिलं, “बारा गाठी.” बदलाच्या रकान्यात लिहिलं, “भोपळा तोडला.”

मग वही माझ्या मांडीवर ठेवली आणि पेन पुढं केलं.

“कारण तुम्ही लिहा, गुरुजी.”

अक्षर फार वाईट आलं. मी लिहिलं: “जुलेखाने सर्व लिहून दिले होते. गुरुजींनी न वाचता सही केली. विचारले तेव्हा खोटे सांगितले. वही लपवली.” रकान्यात मावलं नाही, म्हणून समासात लिहिलं.

“मोठ्यानं वाचा, बाई,” एक पोरगा म्हणाला.

“मी नाही. ज्यानं लिहिलं त्यानं वाचायचं. आपला नियम काय आहे?”

मी वाचलं. पोरं ऐकत होती. एकीनं विचारलं, “मग त्या मुलीला कुणी सॉरी म्हणालं का?” मी त्या पोरीकडं बघून म्हणालो, “अजून नाही,” आणि हात जोडून जुलेखाकडं वळलो. तिनं माझे हात धरून खाली केले.

मग तिनं वही परत घेतली, चष्मा वर सरकवला, आणि मी लिहिलेलं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सावकाश वाचलं. वाचून झाल्यावर खाली सही केली. सहीजवळ “छान” लिहिलं नाही. “वाचले” असं लिहिलं.

ती वही तिनं मलाच परत दिली. “सप्त्यात न्या,” म्हणाली. “गावाला हे पान ऐकवायचं राहिलंय.”

त्या मार्गशीर्षात मी वीणा घेतला नाही. काल्याच्या दिवशी, हंडी फुटायच्या आधी, मंडपात उभा राहून ते पान वाचलं. नंतर टाळ खुंटीला लावला आणि मागच्या खांबाशी जाऊन बसलो.